भिंतीवरून गेलेली चटणी

आमच्या घराच्या मागच्या अंगणात एक भिंत आहे. माझ्या खांद्याला लागेल एवढीच उंच. पलीकडे खाला, म्हणजे शेजारच्या मावशी, राहतात. त्या आणि माझी आई एकमेकींना ‘भाभी’ म्हणतात. कोण कुणाच्या भावाची बायको, हे विचारायची दोघींनाही कधी गरज पडलेली नाही. मी एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असताना जो प्रयोग केला, तो या भिंतीनं बिघडवला. भिंतीनं म्हणण्यापेक्षा ती पुरेशी उंच नसण्यानं.

आम्ही पुंडलिकनगरच्या मागच्या बाजूला राहतो. मी लहान असताना आमच्या पुढं शेतं होती आणि थंडीत आम्ही तिथं हुरडा खायला जायचो. मी कॉलेजला जाईपर्यंत तिथं चारमजली इमारती उभ्या राहिल्या. प्रत्येक इमारतीनं आपली बोअर शेजारच्या बोअरपेक्षा खोल नेली, आणि आमच्या बोअरमधून पाण्याऐवजी हवा यायला लागली. त्यात सलग दुसऱ्या वर्षी पाऊस झाला नव्हता. जायकवाडी धरण तळाला गेलं होतं. नळाला पाणी कधी येणार हे नळ सोडणाऱ्यालाही सांगता येत नसे.

टँकरवाला अर्ध्या टँकरसाठी आमच्या गल्लीत वळायचा नाही. आमच्याकडं गच्चीवर एक लहानशी टाकी, खालांच्या अंगणात मात्र जमिनीखाली मोठा हौद. मग असं ठरलं की टँकर दोन्ही घरांनी मिळून बोलवायचा, सगळं पाणी त्यांच्या हौदात सोडायचं आणि भिंतीवरून निळी नळी टाकून लागेल तसं आमच्याकडं घ्यायचं. मोटर खालांची, हौद खालांचा. खर्च निम्मा निम्मा असला तरी आईला ते पुरेसं वाटत नसे. रोज कुणाच्या तरी अंगणातून पाणी घ्यायचं आणि बदल्यात काही द्यायचं नाही, हे तिला रात्रंदिवस टोचायचं. त्यामुळं नळीबरोबर भिंतीवरून वाट्याही जायला लागल्या. आईनं भाजीची वाटी पाठवायची. ती वाटी रिकामी परत येणं शक्यच नव्हतं. तिकडून आंबट डाळीचा दालचा यायचा, कधी दुधीचा हलवा. मग ती वाटी परत पाठवायची वेळ आली की आईसमोर पुन्हा तोच प्रश्न.

हे मला माहीत होतं. फक्त याचा माझ्या प्रयोगाशी काही संबंध असेल, हे सुचलं नव्हतं. मी सकाळी डबा घेऊन जायची आणि दिवेलागणीला यायची.

प्रयोग असा होता. आपण खातो त्या तेला-तुपात निरनिराळी मेदाम्लं असतात. पोटात गेल्यावर ती रक्तातून पेशींपर्यंत जातात आणि पेशीभोवतीच्या पातळ आवरणाचा भाग होतात. म्हणजे एका अर्थी आपण ज्या तेलात भाजी करतो, त्या तेलाचंच आपलं अंग बनतं. रक्तातल्या काही पांढऱ्या पेशींचं काम असं, की शरीरात परकं काही शिरलं की त्यांनी एकीच्या दोन, दोनाच्या चार होत वाढायचं आणि लढायचं. मग त्यांचं आवरण कुठल्या तेलाचं आहे, यावर त्यांची वाढ अवलंबून असते का? करडईच्या तेलात एका जातीचं मेदाम्ल भरपूर. जवसात वेगळ्या जातीचं. जवस खाणाऱ्याच्या पेशी जरा सबुरीनं वाढतील, अशी आमच्या मॅडमची अटकळ होती.

मॅडम म्हणजे माझ्या मार्गदर्शक. कमी बोलणाऱ्या, म्हणून मला आवडायच्या. त्यांच्याकडं पीएच.डी.साठी एकच जागा होणार होती. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, “हा छोटा प्रयोग नीट करून दाखव. त्यातून काही हाती लागलं तर जागा तुझी. नाही तर मला दुसरं कुणी बघावं लागेल.” ती जागा गेली तर मी पुण्याला एका औषध कंपनीत नोकरीला जाणार, असं घरात ठरलं होतं. मला जायचं नव्हतं. शाळेपासून मी वर्गाच्या कडेला बसणारी मुलगी. प्रयोगशाळा ही पहिली जागा, जिथं गप्प बसलं तर कुणी “काय झालं?” असं विचारत नव्हतं. गप्प बसणं तिथं कामाचाच भाग होता.

प्रयोगाला माणसं हवी होती. दीड महिना ठरलेलं तेल खाणारी आणि आधी एकदा, नंतर एकदा रक्त देणारी. होस्टेलवरची मुलं मेसचं खायची, ती उपयोगाची नव्हती. परवानगीचे सगळे सोपस्कार झाले, सह्यांचे कागद तयार झाले, आणि मी घरी येऊन आईला म्हटलं, “मी कुणाला विचारू?”

सगळ्यांना वाटतं की इंग्रजी शाळेत शिकलेल्या मुलीला बोलायची भीती नसते. मला कुठल्याच भाषेत बोलता येत नाही, एवढंच खरं. आईनं माझ्या तोंडाकडं बघितलं, साडी बदलली आणि गल्लीत गेली. तासाभरात आठ घरं तयार. आमचं घर धरून.

“काय सांगितलंस त्यांना?” मी विचारलं.

“सांगितलं की पोरीची परीक्षा आहे. दीड महिना करडईचंच तेल खायचं, डबा आम्ही देऊ, दुसरं तेल घरात आणायचं नाय. कुणी नाय म्हणालं नाय.”

करडई पाचोडहून आली. तिथं माझा मामा असतो. त्या वर्षी त्या भागात शेतात उभं असेल तर करडईच, कारण तिला काटे असतात म्हणून जनावर तोंड लावत नाही आणि पाण्याचा तिचा फारसा हट्ट नसतो. मामानं बाजाराच्या दिवशी करडई आणि पोतंभर जवस घेतलं, तेल गाळून आणलं आणि डबे गाडीत घालून तो स्वतः आला. “तुझ्या त्या पेशी मराठवाड्यातल्याच ना?” तो म्हणाला. “मग कशालाबी घाबरायच्या नाय त्या.”

चिठ्ठ्या टाकून आठ घरांचे दोन गट केले. चार घरांनी नुसतं करडईचं तेल खायचं. चार घरांनी तेच तेल आणि शिवाय रोज जेवताना दोन चमचे जवसाची चटणी. करडईच्या घरांत काही बदलायला नको होतं, कारण ते तेल या गल्लीत आधीपासून बरेचजण खायचेच. बदल दिसायला हवा होता तो जवसाच्या घरांत. आमच्या घराला जवसाची चिठ्ठी निघाली, खालांच्या घराला करडईची. आमच्या घरातून रक्त बाबा देणार होते, त्यांच्याकडून खाला. चटणी करायचं काम आईनं घेतलं. जवस भाजून, लसूण, तिखट, मीठ घालून मिक्सरमधून काढायची आणि मी मोजून दिलेल्या डब्यांत भरायची.

पहिल्याच रविवारी चटणी करता करता तिनं विचारलं, “त्या पेशी वाढलेल्या बऱ्या का न वाढलेल्या?”

“दोन्ही.”

“असं कसं?”

“ताप आला, जंतू शिरले, तर वाढायलाच हव्यात. पण उगाचच वाढत राहिल्या, विनाकारण सूज यायला लागली, तर जरा आवरलेल्या बऱ्या.”

“भाभींच्या गुडघ्यासारखी सूज?”

“तसंच काहीतरी. नक्की माहीत नाही, आई. तेच तर बघतोय.”

खालांचा उजवा गुडघा सुजायचा. पाणीटंचाईच्या त्या वर्षात तर जास्तच, कारण वीज गेली की हौदातलं पाणी बादल्यांनी वरच्या मजल्यावर न्यावं लागे. आईनं मिक्सरचं झाकण दाबून धरलं आणि तो सुरू केला.

दीड महिना माझ्यासाठी गल्लीनं जे केलं, ते आठवलं की अजून मला ओशाळल्यासारखं होतं. कोपऱ्यावरच्या काकू माहेरी जाताना तेलाची बाटली बरोबर घेऊन गेल्या. वहिनीला त्यांनी सांगितलं म्हणे, की माझी भाजी याच्यातच करायची, आमच्याकडं रिसर्च चाललाय. समोरच्या काकांनी क्रांती चौकातली आवडती भजी सोडली. रोज संध्याकाळी ते मला फाटकाशी गाठून “आजही नाही खाल्ली” असं सांगायचे. माझ्या तोंडून “थँक्यू” निघायचं, तेही इतकं हळू की त्यांना ते ऐकू आलं की नाही कोण जाणे. खालांच्या तर सख्ख्या भाचीचं लग्न होतं. त्या परत आल्यावर मी भिंतीशी गेले.

“मेरेकू देख के सब हैरान,” त्या म्हणाल्या. “बिर्याणी की देग सामने, और मैं दही-रोटी खा रही. मेरी बहन बोली, क्या हुआ, डॉक्टर ने मना किया क्या? मैं बोली, हौ, हमारी डॉक्टरनी ने.”

डॉक्टरनी म्हणजे मी. त्या मला आधीपासूनच तसं म्हणत.

मग दुसऱ्यांदा रक्त घ्यायचा दिवस आला. प्रयोगशाळेतल्या ताईंनी आठही जणांचं रक्त काढलं. नळ्यांवर नावं नव्हती, खुणा होत्या, आणि कुठली खूण कुणाची ते फक्त मॅडमना माहीत होतं. मी त्या रक्तातून पांढऱ्या पेशी वेगळ्या केल्या, गुलाबी द्रवात सोडल्या आणि शरीराइतक्या उबेच्या कपाटात ठेवल्या. पेशींना वाढायची चालना द्यायला जो पदार्थ घालतात, तो राजम्यातून काढलेला असतो. आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “राजम्यानं पोट फुगतं एवढंच मला माहीत होतं.”

तीन दिवसांनी सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं. सुरुवातीला एकेकट्या असलेल्या गोल पेशी आता एकमेकींना चिकटून द्राक्षांसारख्या घडांनी बसलेल्या. तोपर्यंत मी कितीतरी वेळा हे बघितलं होतं, पण त्या दिवशी ते घड बघताना पहिल्यांदा मनात आलं की यातला एखादा समोरच्या काकांचा असेल. भजी न खाल्लेल्या.

मोजणी झाली. मॅडमनी खुणांचा कागद उघडला. जवसाच्या घरांतल्या पेशी आधीपेक्षा जरा सबुरीनं वाढल्या होत्या, अगदी मॅडमना वाटलं होतं तशा. मी श्वास सोडणार, तेवढ्यात त्यांनी दुसरा रकाना दाखवला. करडईच्या घरांतल्या पेशीही तितक्याच मंदावल्या होत्या. जिथं काहीच बदलायला नको होतं, तिथंही तोच बदल.

“पेशी हाताळताना काही झालं?” मॅडमनी विचारलं.

मी मान हलवली. काही झालं नव्हतं, तरी मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं. त्या आठवड्यात पाण्याअभावी प्रयोगशाळेचं शुद्ध पाण्याचं यंत्र बंद होतं, पाणी बाहेरून आणलं होतं. कदाचित तेच. पण मॅडमनी रक्तातली मेदाम्लं वेगळी तपासून घेतली होती आणि तो अहवाल आल्यावर संशयाला जागाच उरली नाही. करडईच्या चारही घरांच्या रक्तात जवसातलं मेदाम्ल होतं. आधीच्या तपासणीत जवळजवळ नव्हतं, आता चांगलंच होतं.

“करडईत हे नसतं,” मॅडम म्हणाल्या. “मग आलं कुठून?”

शुक्रवारी विभागात माझं सादरीकरण होतं. तोवर उत्तर शोध, असं म्हणून त्यांनी कागद माझ्याकडं सरकवला.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत हात धुवायलाही पाणी नव्हतं, म्हणून आम्हाला दुपारीच सोडलं. मी घरी आले. पुढचं दार उघडंच होतं. आई मागच्या अंगणात होती. टाचा उंचावून ती भिंतीवरून काहीतरी देत होती. बाजूला नळी लोंबत होती.

“भाभी, धरा. आज लसूण जरा जास्त पडलाय.”

“हौ, खुशबू आई तबीच समझी मैं. ये लेव तुम्हारी कल की वाटी.”

“गुडघा कसा आहे?”

“लई आराम है बोलो. कल दो बार जीना चढी मैं.”

मी दारात उभी राहिले. आई वळली, तिच्या हातात दुधीच्या हलव्याची वाटी. तिनं मला बघितलं आणि नेहमीसारखी खूश झाली. “आज लवकर? ये, गरम आहे.”

“आई, तू काय दिलंस त्यांना?”

“चटणी.”

“कुठली?”

“आता कुठली म्हणजे? जवसाची.”

“कधीपासून देतेस?”

“पहिल्या दिवसापासून. का गं?”

मी तिथंच पायरीवर बसले. “आई, खाला करडईच्या गटात आहेत.”

“मग? त्यांच्या करडईला मी कुठं हात लावला? डबा तसाच आहे त्यांचा. विचार हवं तर.”

“जवसात तेल असतं.”

“अगं, कोरडी चटणी आहे ती. तेलाचा थेंब घातला नाय मी.”

“घालावं लागत नाही. दाण्यातच असतं. भरपूर असतं.”

आईनं हलव्याची वाटी पायरीवर ठेवली आणि दारातून आत स्वयंपाकाच्या ओट्यावरच्या बरणीकडं बघितलं. “एवढ्याशा दाण्यात?”

भिंतीवर खालांचा चेहरा उगवला. “क्या हुआ? बेटी कायकू बैठ गई?”

आईनं त्यांना सांगितलं. तिच्या पद्धतीनं, म्हणजे आधी माझा काही दोष नाही हे सांगून, मग तिचा नाही हे सांगून, मग काय झालं ते. खालांनी दोन्ही हात भिंतीवर ठेवले.

“या अल्ला,” त्या म्हणाल्या. “मैं बिर्याणी छोडी तेरे वास्ते! और ये चटनी में पकडी गई मैं?”

मला हसू आलं. एकदा आलं ते थांबेना, आणि मग ते हसू राहिलं नाही. आई शेजारी बसली. खाला भिंतीपलीकडून “रो मत बेटा, रो मत” म्हणत राहिल्या. मग त्यांना तेवढ्यानं होईना, म्हणून फाटकातून वळसा घालून, लंगडत आमच्याकडं आल्या.

“बाकीच्या तीन घरांनाही तू दिलीस का?” मी जरा वेळानं विचारलं.

“मी नाय,” आई म्हणाली. आणि मग, “म्हणजे काकूंना मी एकदा दिली. बाकीच्यांचं मला माहीत नाय.”

संध्याकाळपर्यंत सगळं कळलं, कारण संध्याकाळपर्यंत अर्धी गल्ली आमच्या दारापुढच्या ओट्यावर होती. जवसाच्या प्रत्येक घरातून चटणी शेजारी गेली होती. काहींना ती दोन घरांतून यायची.

“मला वाटलं परीक्षा तेलाची आहे,” कोपऱ्यावरच्या काकू म्हणाल्या. “चटणी म्हणजे तोंडी लावायला.”

“पण तुम्हाला मी चटणी दिली नव्हती ना, काकू,” मी म्हटलं. गल्लीत इतक्या जणींसमोर मी बोललेलं हे बहुधा पहिलंच वाक्य. “मग का घेतलीत?”

“दिली तर घ्यायची नाही?” काकूंना प्रश्नच कळला नाही. “अगं, तुझ्या आईचा मिक्सर पार गल्लीच्या टोकाला ऐकू येतो. जवस भाजल्याचा वास येतो. चार घरांना चटणी द्यायची आणि चार घरांना नुसता वास? असं कुठं असतं?”

उंदरांवर प्रयोग करताना पिंजरे वेगळे ठेवतात. एका पिंजऱ्यातला उंदीर दुसऱ्या पिंजऱ्यात घास पाठवत नाही. मी आठ घरं मोजली होती, पण ती तशी वेगळी नव्हतीच. ज्याच्या घरापर्यंत वास गेला त्याच्या घरी वाटी जाणार, आणि ती वाटी भरून परत येणार, हे मी जन्मल्यापासून बघत आले होते. तरी ती गोष्ट कधी प्रयोगात धरावी लागेल असं माझ्या डोक्यात आलं नाही.

सगळ्या गेल्यावर आई पोळ्या लाटत होती. पाठमोरीच म्हणाली, “तुझी जागा जाईल का आता?”

“माहीत नाही.”

“मी येते मॅडमकडं. सांगते की चूक माझी आहे.”

“नको, आई.”

“त्यांना म्हणावं, पोरीनं नीट केलंय सगळं. मीच...”

“नको. मी सांगते.”

ती वळून माझ्याकडं बघायला लागली. मी असं काही म्हणत नाही, हे तिला माहीत होतं. तिनं पोळी तव्यावर टाकली आणि ती जरा जास्तच भाजली गेली.

शुक्रवारी मी उभी राहिले. विभागातले सगळे होते. फळ्यावर आलेख दाखवायचे सोडून मी आधी आमची गल्ली काढली. आठ चौकोन, मधल्या भिंती, आणि कुठून कुठं चटणी गेली त्याचे बाण. मी इंग्रजीत सुरुवात केली, आणि बाणांपाशी आल्यावर एका सरांनी विचारलं, “पण त्यांनी सूचना पाळली का नाही?” मी तिथंच मराठीवर आले. “पाळली, सर. सगळ्यांनी पाळली. एकीनं लग्नातली बिर्याणी सोडली. पण आमच्याकडं शेजारून आलेली वाटी नाकारत नाहीत, आणि रिकामी परत तर नाहीच देत. हे मी सूचनांमध्ये धरलं नव्हतं.”

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. मग एक वयस्कर सर, जे कधीच हसत नाहीत, तेही हसले आणि म्हणाले, “आमच्याकडंही तेच.” मला त्या हसण्याची भीती वाटली नाही. ते माझ्यावर नव्हतं. ते सगळे आपापल्या घरच्या भिंती आठवत होते.

मॅडम हसल्या नाहीत. सगळे गेल्यावर त्यांनी फळ्यावरची गल्ली पुन्हा बघितली.

“या आकड्यांवरून काहीच सिद्ध होत नाही,” त्या म्हणाल्या. “जवसानं पेशी मंदावल्या की उन्हाळ्यानं, की तुमच्या त्या टँकरच्या पाण्यानं, सांगता येणार नाही. तुलनेला कुणी उरलंच नाही.”

“हो, मॅडम.”

“जागा भरायला मला दिवाळीपर्यंत वेळ आहे. आधी चटणी सगळ्यांच्या अंगातून जाऊ दे. मग पुन्हा कर. यावेळी भिंती धरून.”

मी आजही त्याच प्रयोगशाळेत आहे, तेव्हा पुढचं वेगळं सांगायला नको. फरक आला, फार मोठा नाही, पण आला, आणि यावेळी त्याची तुलना करायला माणसं होती. मला मात्र त्या दुसऱ्या वेळचा निकाल तेवढा आठवत नाही, जेवढा त्या प्रयोगाचा दीड महिना आठवतो.

यावेळी घरोघरी मी गेले. आई फाटकाशी उभी राहून बघत होती. प्रत्येक घरात मी तेच सांगितलं: चटणी ज्यांच्याकडं त्यांच्याकडंच, वाटी जाणार नाही, येणार नाही. काकू म्हणाल्या, “बरं बाई, दीड महिना भांडण झालंय असं समजू.” चिठ्ठ्या पुन्हा टाकल्या. खालांचा गुडघा माझ्या डोक्यात होता. चटणीनं त्यांना खरंच बरं वाटत होतं की नुसतं बरं वाटल्यासारखं, हे मला तेव्हाही माहीत नव्हतं आणि आजही नाही, पण चिठ्ठी उघडताना मनातून मी जवस म्हणत होते. करडई निघाली.

आई म्हणाली, “बदल ना. कुणाला कळतंय?”

“मला कळतंय.”

मी खालांना सांगायला गेले. त्या हौदाच्या कठड्यावर बसल्या होत्या, पाय लांब करून. माझं बोलणं त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मला मधे थांबून शब्द शोधावे लागले, तरी त्या मधे बोलल्या नाहीत.

“दीड महिने का सवाल है,” त्या म्हणाल्या. “घुटना कहां भाग जाता? पर एक बात बोल. पानी तो देना है ना तुमकू?”

“हो.”

“तेरी मां पानी लेगी, तो वाटी भेजेगी. वो रुकती नहीं. और मैं खाली वाटी कैसे भेजूं?”

मी विचार केला. प्रयोगशाळेत बसून कधी केला नाही इतका केला. मग म्हटलं, “ज्यात तेल नाही असं काहीही चालेल.”

त्यांनी ते आईला सांगितलं, आणि दोघींनी ते माझ्यापेक्षा गंभीरपणे घेतलं. आईनं साखर पाठवली. तिकडून कढीपत्ता आला. आईनं लिंबं पाठवली, त्या उन्हाळ्यात लिंबं काय भावानं होती ते न बघता. तिकडून पुदिना. प्रत्येक वेळी भिंतीवरून मला हाक यायची, “डॉक्टरनी, इसमें तेल है क्या?” आणि मी नाही म्हणून मान हलवली की मगच वाटी पुढं सरकायची. खोबऱ्याचा तुकडा मी परत पाठवला, तेव्हा दोघी दिवसभर आश्चर्य करत होत्या.

मग एक दिवस टँकर आला नाही. दुसऱ्याही दिवशी नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आईनं हौदात किती उरलंय ते विचारायला नुसतीच हाक मारली, आणि सवयीनं बरोबर गुळाचा खडा ठेवलेली वाटी दिली. थोड्या वेळानं वाटी परत आली. काठोकाठ भरलेली, वर बशी झाकलेली.

“आज घर में कुछ नहीं,” खाला पलीकडून म्हणाल्या. “पानी है. इसमें तो तेल नहीं ना?”

मी बशी उचलली. स्वच्छ, गार पाणी, त्यांच्या माठातलं. मी मान हलवली.

आईनं वाटी दोन्ही हातांत घेतली. ती ओतून टाकायचा प्रश्नच नव्हता. तिनं उभ्याउभ्याच पाणी पिऊन टाकलं, पदरानं तोंड पुसलं, आणि रिकामी वाटी हातात धरून आत स्वयंपाकाच्या ओट्यासमोर विचार करत उभी राहिली.